पाणी उकळून 'कधीच न संपणारी रसायनं' जात नाहीत, आणि बाळाचं दूध तर तोडूच नका

काल रात्री अकरा वाजता धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, बाळाला अंगावर पाजणं बंद करू का गं?" बाळ तीन महिन्यांचं. कारण काय, तर एक मेसेज. घरातल्या साफसफाईच्या प्रत्येक वस्तूत 'कधीच न संपणारी रसायनं' असतात, ती रक्तात आणि आईच्या दुधात उतरतात, कॅन्सर करतात. म्हणून दूध तोडा, पाणी वीस मिनिटं उकळून प्या आणि अमुक काढा २१ दिवस घ्या, सगळं विष निघून जाईल.

आधी दुधाचं बोलते, कारण त्यात बाळाचं नुकसान आहे. ही रसायनं, म्हणजे पीफास, आईच्या दुधात उतरतात हे खरं. पण दूध तोडल्यावर बाळाला देणार काय? डब्यातली पावडर. ती कालवणार कशात? पाण्यात. आणि पीफास पोटात जायचा एक मोठा रस्ता पिण्याचं पाणीच आहे! म्हणजे धोका होता तिथेच राहिला आणि आईच्या दुधातून मिळणारं संसर्गापासूनचं संरक्षण तेवढं गेलं. याच रसायनांचा अभ्यास करणारी अमेरिकेची सरकारी संस्था एटीएसडीआर सगळं जमेस धरून सांगते की स्तनपानाचे फायदे या धोक्यापेक्षा जास्त आहेत. आपल्या भागातलं पाणी दूषित असल्याचं ठाऊक असेल तर डॉक्टरांशी बोला, पाणी बदला. एकदा आटलेलं दूध परत आणताना आईचे काय हाल होतात, याचा विचार तरी मेसेज लिहिणाऱ्यानं केला होता का?

आता उकळणं. पीफासमधला कार्बन आणि फ्लोरिनचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यांत चिवट बंधांपैकी एक आहे. पाणी उकळण्याच्या तापमानाला तो तुटत नाही. वाफ होऊन जातं ते पाणी, रसायन भांड्यातच राहतं. म्हणजे वीस मिनिटांनी उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलंच असणार. जंतू मारायला जरूर उकळा. पीफाससाठी मात्र सक्रिय कोळशाचा किंवा आरओचा फिल्टर लागतो, आणि तोही वेळच्या वेळी बदलावा लागतो.

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. पीएफओएस हे यातलं एक रसायन रक्तात निम्म्यावर यायला साधारण पाच वर्षं घेतं. ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशमन कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दर सहा आठवड्यांनी काढून घेतला, तरी वर्षभरात त्यांच्या रक्तातलं पीएफओएस तीस टक्क्यांच्या आसपासच उतरलं. आणि हे २१ दिवसांत सगळं धुऊन काढणार!

'प्रत्येक वस्तूत' हेही चूक. ब्लीच डोळ्यांना, श्वासाला त्रास देतं, पण वापरल्यावर त्याचं बरंचसं साधं मीठ आणि पाणी होतं. साबणाचं जीवाणू विघटन करतात. त्रासदायक असणं वेगळं, वर्षानुवर्षं टिकून राहणं वेगळं.

कॅन्सरचा उल्लेख मात्र हवेतला नाही, हे नाइलाजानं मान्य करते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग परिसरात पीएफओए या दुसऱ्या एका पीफासनं पिण्याचं पाणी दूषित झालं होतं. तिथल्या सुमारे ६९,००० लोकांच्या तपासणीचा आधार घेऊन शास्त्रज्ञांच्या समितीनं २०१२ पर्यंत सहा आजारांशी त्याचा संबंध संभवतो असं सांगितलं. त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कॅन्सर आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पीएफओएला कॅन्सरकारक ठरवलं. म्हणून तर राग येतो. इतक्या गंभीर गोष्टीला काढ्याची शेपटी जोडली की लोक एक तर भलत्याच गोष्टीला घाबरतात, नाहीतर सगळंच खोटं म्हणून सोडून देतात.

घरात बघायचंच असेल तर सोफ्या-गालिच्यावर डाग बसू नये म्हणून मारायचे स्प्रे आणि फरशीची काही पॉलिशं बघा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीफास घातलेले गालिचे, कापडावरचे असे स्प्रे आणि साफसफाईची उत्पादनं विकायला बंदी आहे. बाटलीवर 'फ्लुओरो' असलेलं नाव दिसलं तर ती घेऊ नका. 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबू नका.

बहिणीकडे तसा एक स्प्रे निघाला. बाळ ज्या सोफ्यावर लोळतं, त्यावरच ती तो मारत होती. मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. स्प्रे बंद केलाय. बाळ अंगावर पितंय.