प्रतिक्रियेला उत्तर: पंधराव्या वर्षी वेग सोडून फिरकी?

नमस्कार सर,

‘वेगातून फिरकीकडे’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: ज्याला वेग झेपत नाही तोच फिरकीकडे पळतो, आणि पुरावा म्हणजे भारताचा मध्यमगती गोलंदाज मनोज प्रभाकर. वेग आणि फिरकी दोन्ही टाकणारा वेस्ट इंडिजच्या सोबर्ससारखा माणूस शतकातून एकदा होतो, त्याचं उदाहरण देऊन पोरांची डोकी फिरवू नका. तिसरं, वेगवान गोलंदाजाने मध्येच फिरकी टाकायची तर पंचांना सांगावंच लागतं, आणि तुमच्या एका सामन्यात याच कारणाने नो-बॉल दिला गेला. शेवटी तुम्ही लिहिलंय की पंधरा वर्षांचा एक डावखुरा मध्यमगती पोरगा फिरकी टाकू द्या म्हणून मागे लागलाय आणि तुम्ही त्याला साफ नकार दिलाय.

प्रभाकरबद्दल तुमचं बरोबर, माझं चुकलं. त्याला कॉलिन मिलरच्या ओळीत बसवायला नको होतं. 2 मार्च 1996 ला दिल्लीच्या कोटला मैदानावर श्रीलंकेच्या जयसूर्याने त्याच्या पहिल्या दोन षटकांत 33 धावा झोडल्या, नंतरची दोन षटकं त्याने ऑफस्पिन टाकली, आणि चार षटकांत 47 देऊन त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. ती नाइलाजाची फिरकी होती, तयारीची नव्हे. मिलरचं उलटं. तो मध्यमगती गोलंदाज म्हणून वाढला, ऑफस्पिन नीट घोटून घेतला आणि 1998 मध्ये चौतिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी खेळला. नवा चेंडूही टाकायचा आणि जुना झाला की ऑफस्पिनही. 18 कसोटींत 69 बळी. याला पळवाट कसं म्हणायचं?

आता कोटलाच निघालं म्हणून. त्याच मैदानावर 1999 मध्ये पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी 74 धावांत घेणारा कुंबळे शाळकरी वयात मध्यमगतीच टाकायचा. मुरलीधरन चौदाव्या वर्षापर्यंत मध्यमगती. अश्विनही तसाच. आणि कुंबळेकडे नीट पाहिलं तर जुना वेगवान गोलंदाज त्याच्या लेगस्पिनमध्ये शिल्लक दिसतो: उंचावरून येणारा हात, चेंडूची उसळी, यष्ट्यांवरचा नेम. फिरक कमी म्हणून लोक नावं ठेवायचे, पण बळी मिळत होते ते त्या उसळीवर आणि झपाट्यावर. माझा मुद्दा एवढाच आहे. बदलताना सगळं पुसून टाकायचं नसतं. उंच हात आणि सरळ दिशा ठेवायची. मनगट, पाऊल आणि चेंडू सोडण्याची जागा मात्र नव्याने शिकायची.

पोरं अडकतात ती इथेच. वेगवान चेंडूत मनगट चेंडूच्या मागे असतं, बोटं शिवणीवरून सरळ खाली येतात आणि चेंडू उलटा फिरत जातो. बोटांच्या फिरकीत तर्जनी आणि मधलं बोट शिवणीला आडवी, एकमेकांपासून फाकलेली, आणि सोडताना तर्जनीने चेंडू बाजूने ओढायचा. मध्यमगतीची सवय असलेला पोरगा पकड बदलतो, पण मनगट मागेच ठेवतो. मग चेंडू फिरत नाही, नुसता हळू येतो. हळू मध्यमगती म्हणजे फलंदाजाला जेवणाचं ताट. ओळखायची खूण सोपी आहे. चेंडूच्या अर्ध्या भागाला रंगीत चिकटपट्टी लावा. डावखुऱ्याने नीट फिरवला तर उजव्या फलंदाजाला शिवण स्लिपकडे कललेली दिसते. यष्ट्यांच्या सरळ रेषेत राहिली तर मनगट अजून जुनंच आहे.

दुसरी चूक पुढच्या पावलाची. वेगासाठी शेवटची ढांग लांब टाकायची सवय असते. फिरकीत ती आखूड हवी, म्हणजे पुढच्या पायाच्या चवड्यावर अंग गर्रकन फिरतं. ढांग लांब राहिली तर वजन मागे अडकतं, अंग फिरत नाही, खांद्याने चेंडू ढकलला जातो आणि आखूड पडतो. म्हणून रनअप आधी बंदच करा. पहिला आठवडा अकरा यार्डांवरून, उभ्याने, नुसतं फिरवणं. मग सोळा, मग बावीस. रनअप सर्वांत शेवटी, पाच-सहा पावलांचा.

तिसरी गोष्ट उंचीची. वेगवान गोलंदाजाचा हात चेंडू खेळपट्टीत आपटायला शिकलेला असतो. गोलंदाजापासून सात-आठ पावलांवर, त्याच्या डोक्याच्या किंचित वर, दोन काठ्यांना दोरी बांधा आणि चेंडू तिच्यावरून न्यायला लावा. सुरुवातीला फुलटॉस पडतील, पडू द्या. तर्जनीची कातडी सोलवटते. दिवसाला चाळीस-पन्नास चेंडूंच्या पुढे महिनाभर जाऊ नका.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, मॅटिंगची, म्हणजे चटईच्या खेळपट्टीची. मॅटवर साधा कटरही (बोटं घासून टाकलेला मध्यमगती चेंडू) चावतो आणि उसळतो, त्यामुळे चेंडू वळतोय असा पोराचा समज होतो. टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर गेला की भ्रम उतरतो. टेनिस बॉलचं तर बोलायलाच नको. तिथे शिवणच नसते, आणि झटका मारून टाकायची सवय लागली की कोपर वाकवून चेंडू फेकण्याची भानगड वेगळीच.

सोबर्सबद्दल: शतकातून एक, मान्य. पण तो 1954 मध्ये पहिली कसोटी खेळला तो डावखुरा फिरकीपटू म्हणूनच, वेग नंतर आला. आणि जवळची उदाहरणं हवी असतील तर भारताचेच एकनाथ सोलकर, करसन घावरी. दोघेही डावखुरे, दोघेही दोन्ही टाकायचे. घावरीचे 109 कसोटी बळी आहेत.

राहिला नियम. वेग सोडून फिरकी टाकतोय हे पंचांना सांगायची सक्ती कुठेच नाही. सांगावं लागतं ते दोनच बाबतींत: कोणत्या हाताने टाकणार, आणि ओव्हर द विकेट (टाकणारा हात यष्ट्यांच्या बाजूला) की राऊंड द विकेट (दुसरा हात यष्ट्यांच्या बाजूला). न सांगता यातलं काही बदललं तर नो-बॉल. डावखुरा मध्यमगती गोलंदाज सहसा ओव्हर द विकेट टाकतो आणि फिरकीला लागला की उजव्या फलंदाजाला राऊंड येतो. तुमच्या सामन्यातला गोलंदाज डावखुराच असेल तर पंच बरोबर होते, कारण मात्र वेगळं होतं.

कीपरलाही आधी खूण ठरवून द्या. मागे उभ्या कीपरने चेंडू टाकायच्या आधीच पुढे येऊन उभं राहावं. चेंडू खेळात आल्यावर हळू चेंडूसाठी तो दोन-चार पावलं पुढे येऊ शकतो, पण हात यष्टीला पोचेल इतका जवळ आला तर पंच डेड बॉल देतात, म्हणजे तो चेंडू रद्द.

त्या पोराला नकार देऊ नका. या पावसाळ्यात, मैदान ओलं असताना, कुठल्या तरी शेडखाली अकरा यार्डांवरून फिरवू दे. मध्यमगतीही चालू ठेवा, आठवड्यातून दोन दिवस. दसऱ्यानंतर टर्फवर जुना चेंडू हातात द्या आणि त्या चिकटपट्टीकडे पाहा.