‘फोटोग्राफीची दहा गुपितं’ आणि माझ्या भाचीचा उजवा डोळा

मागच्या रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास माझी भाची सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर डोळ्याला कॅमेरा लावून उभी होती. कॅमेरा माझाच, जुना निकॉन. त्यावरची लांबचं जवळ आणणारी ७०-३०० मिलिमीटरची लेन्सही माझीच. लेन्सचं तोंड सरळ सूर्याकडे, आणि सूर्य अजून चांगलाच वर. मी लांबूनच ओरडलो. तिने दचकून कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाली, "मामा, यूव्ही फिल्टर लावलाय की ओ! मेसेजमध्ये तसंच होतं."

मग तो मेसेज मागून घेतला. ‘फोटोग्राफी शिका सात दिवसांत! प्रोफेशनल लोक कधीच सांगत नाहीत अशी १० गुपितं.’ खाली हात जोडलेले, आणि ‘किमान ११ ग्रुपमध्ये पाठवा’. आमच्या आक्काला तो भिशीच्या ग्रुपवर मिळाला, तिने कौतुकाने लेकीला पाठवला. आठवडाभरात मला तो आणखी चार जणांकडून आला, त्यातले दोघे लग्नाच्या ऑर्डरी घेणारे. तीस वर्षं स्टुडिओत काढल्यावर आपल्यापासून इतकी गुपितं लपवली गेली होती हे कळून वाईट वाटलं.

आठवा मुद्दा आधी घेतो. बाकीचे नऊ ऐकून फोटो बिघडेल, पैसे जातील. हा ऐकला तर डोळा जाईल.

मेसेज म्हणतो: ‘लेन्सवर यूव्ही फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बिनधास्त बघता येतं. सूर्यास्ताचे आणि ग्रहणाचे फोटो असेच काढतात.’

असे काढत नाहीत. व्ह्यूफाइंडर म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी. यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर बसवायची काच) हातात घ्या आणि त्यातून पेपर वाचा. अक्षरं जशीच्या तशी दिसतात ना? म्हणजे डोळ्याला दिसणारा सगळा प्रकाश त्यातून आरपार जातो. अडतो तो फक्त अतिनील. रोलच्या जमान्यात लांबच्या डोंगरावर निळसर धुरकटपणा यायचा, तो कमी करायला ही काच लावायचे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे आधीच चाळणी बसवलेली असते, त्यामुळे आता ती उरली आहे धूळ आणि ओरखडे झेलण्यापुरती. सोलापूरच्या धुळीत तेवढंही काम काही कमी नाही, पण त्या काचेला ग्रहणाचा चष्मा समजू नका.

आता लेन्सचा हिशेब बघा. एफचा आकडा म्हणजे लेन्सचे मिलिमीटर तिच्या तोंडाच्या रुंदीच्या किती पट ते; ३०० मिलिमीटरला एफ ५.६ म्हणजे ३०० भागिले ५.६, सुमारे ५३ मिलिमीटर रुंदीचं तोंड. उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकसून दोनेक मिलिमीटर होते, ती उगाच होत नाही. डोळा दारं लावून घेतोय आणि आपण बाहेरून ५३ मिलिमीटरचं नरसाळं धरतोय. लहानपणी भिंगाने कागद जाळला नाही असा माणूस विरळा. इथे कागदाच्या जागी डोळ्याचा पडदा आहे, आणि त्या पडद्याला वेदना कळत नाही. जळताना काही जाणवत नाही. काही तासांनी बरोबर मधोमध काळा ठिपका दिसायला लागतो, आणि तो कायमचाही राहू शकतो.

माझ्या सांगण्यावर विश्वास नसेल तर कॅमेऱ्याच्या डब्यात एक पुस्तिका असते, ती काढा. माझ्या निकॉनच्या पुस्तिकेत, फोटो कसा काढायचा हे सांगायच्या आधी, सुरक्षेच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, नजर कायमची अधू होऊ शकते. खाली असंही लिहिलंय की सूर्य चौकटीत किंवा चौकटीजवळ असला तर आत एकवटलेल्या उन्हाने आग लागू शकते. कंपनी स्वतःचाच माल विकताना आगीची धमकी देते, तेव्हा ती उगाच देत नाही. सोलापुरात मी शेकडो कॅमेरे हाताळले असतील. त्यातल्या बहुतेकांच्या पुस्तिकेचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं.

सूर्यास्त काढायचाच असेल तर सूर्य क्षितिजाला टेकून तांबडा होऊ द्या आणि मागच्या स्क्रीनवर बघून काढा, तेही चटकन. स्क्रीनवर बघताना डोळा वाचतो, पण लांबची लेन्स सूर्यावर रोखून धरली तर सेन्सर भाजू शकतो. ग्रहणाला लेन्सच्या पुढच्या बाजूला खास सोलर फिल्टर लागतो. नुसत्या डोळ्यांनी बघायचं तर आयएसओ १२३१२-२ हे मानक लिहिलेला चष्मा, आणि तो चष्मा घालूनही कॅमेऱ्यातून बघायचं नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, यातलं काही चालत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला भारताच्या बऱ्याच भागात खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. तेव्हा हा मेसेज पुन्हा फिरणार, म्हणून इतकं लांबण लावलं.

आता पैशाचं. मुद्दा पहिला: ‘फुल फ्रेम कॅमेरा नसेल तर शिकूच नका, हप्त्याने घ्या.’ मुद्दा दुसरा: ‘जितके मेगापिक्सेल जास्त तितका फोटो चांगला.’ हे दोन वाचून भाचीने आक्काकडे लाखाच्या कॅमेऱ्याचा विषय काढला होता. मेसेज लिहिणाऱ्याचं कॅमेऱ्याचं दुकान असावं असा माझा दाट संशय आहे.

फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, जुन्या रोलवरच्या एका फोटोएवढा. कमी उजेडात त्याचा फायदा होतो, नाकारत नाही. पण शटर (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते ठरवणारं दार) म्हणजे काय हे ज्याला अजून कळायचंय त्याने हप्ते कशाला भरायचे? मेगापिक्सेलचा हिशेब तर शाळेतला आहे. ए-फोर कागदावर उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल. संपले. तुमचा ५० मेगापिक्सेलचा फोन एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. १०८ वाला नऊ-नऊ एकत्र करून बाराचा देतो. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की दाबून आणखी लहान होतो, आणि तुम्ही हिशेब कसला करताय?

फोनवर शिकता येतं. प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून टिपायचा तो आकडा) हाताने बदलता येतात. एक गोष्ट मात्र फोनवर शिकता येत नाही हे कबूल करतो. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचं भोक) कायम एकच असतं, आणि पोर्ट्रेट मोडमधली मागची धूसर पार्श्वभूमी गणिताने केलेली असते. अ‍ॅपर्चर लहानमोठं केल्यावर काय बदलतं हे समजायला खरी लेन्स हवी. त्यासाठी कुणाचा तरी जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स भरपूर झाली.

तिसरा आणि चौथा मुद्दा जुळे भाऊ आहेत: ‘खरा फोटोग्राफर फक्त मॅन्युअलवर काढतो’ आणि ‘आयएसओ कायम १०० ठेवा, नाहीतर फोटो खराब’.

या माणसाला एकदा आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उभं केलं पाहिजे. भोगीच्या दिवशी नंदीध्वजांची (उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक चाललेली, क्षणात उन्हात, क्षणात सावलीत, आणि सगळे पांढऱ्या बाराबंदीत. मॅन्युअलवर, म्हणजे सगळे आकडे हाताने लावत, चकती फिरवत बसलात तर सातही नंदीध्वज पुढे निघून जातील. अशा वेळी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लावायची, एफ ५.६ किंवा ८, आणि शटर कॅमेऱ्यावर सोपवायचं.

फक्त एक लक्षात ठेवायचं. कॅमेऱ्याला बाराबंदी माहीत नाही. त्याच्या लेखी समोरचं सगळं जग सरासरीने राखाडी आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं. चौकटभर पांढरं आलं की तो समजतो ऊन फार झालं आणि फोटो काळवंडतो. बाराबंदी मळकी दिसते, माणसं उगाच बदनाम. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (फोटो उजळ किंवा गडद करायचं) बटण दाबून अधिक एक करायचं. म्हशींचा गोठा काढताना उलट, उणे एक. पहिल्या महिन्यात एवढं एक बटण कळलं तरी मी पोराला हुशार म्हणेन. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आणि आयएसओ. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात समजा आयएसओ १०० ला शटर एक अष्टमांश सेकंद येतंय. चालणारा माणूस त्यात पुसला जाणार. १०० चे २००, ४००, ८००, १६००, ३२०० असे पाच टप्पे चढलात की तेच शटर एक भागिले अडीचशेवर येतं आणि माणूस जागच्या जागी थांबतो. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत. दाणेदार फोटोत चेहरा ओळखू येतो, हललेल्या फोटोत काय ओळखणार?

खोटं कशाला बोलू, याच यात्रेत किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर दारूकाम असतं, तिथे मेसेजचे हे दोन्ही मुद्दे बरोबर ठरतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ ११, शटर दोन ते चार सेकंद. वर्षातून एक रात्र बरोबर ठरणारा सल्ला ‘कायम’ म्हणून द्यायचा नसतो, एवढंच माझं म्हणणं.

यंत्रमागाच्या कारखान्यात तर तिसरंच काहीतरी होतं. तिथे ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटर एक भागिले पाचशे ठेवलं की फोटोवर काळे पट्टे उमटतात. भाचीला वाटलं कॅमेरा बिघडला. शटर एक भागिले पन्नासवर आणलं, पट्टे गायब, आणि धावता धोटा छान लांबट रेघ होऊन आला. हे तिला मेसेजने सांगितलं नव्हतं, तिथल्या ट्यूबनेच शिकवलं.

पाचवा मुद्दा: ‘सूर्य नेहमी तुमच्या पाठीमागे हवा.’ यात अर्धं खरं आहे. उजेड कमी टिपणाऱ्या मंद रोलच्या काळात साध्या डबा कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागायचं, तेव्हा हा सल्ला शहाणपणाचा होता, आणि आजही अगदी नवख्याचा फोटो त्याने निदान अंधारा येत नाही. पण आपल्या मे महिन्यात, पारा बेचाळीसला असताना, आजीला सूर्यासमोर उभी करून बघा. डोळे बारीक, कपाळाला आठ्या. दुपारी तर सूर्य पाठीमागेही नसतो, डोक्यावर असतो, आणि डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख. आजीला ओसरीच्या उंबऱ्याच्या आत, तोंड दाराकडे करून बसवा. बाहेरचं ऊन समोरच्या भिंतीवरून मऊ होऊन तोंडावर येतं. स्टुडिओत आम्ही छत्र्या लावून हेच करत होतो आणि त्याचे पैसे घेत होतो.

सहावा, ‘विषय मध्यभागी ठेवणं ही घोडचूक, कायम एक तृतीयांश.’ हा नियम इंग्लंडमधल्या एका चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांसाठी मांडला. कॅमेरा तेव्हा जन्मायचा होता. सवय लावायला चांगला आहे, पण देवळाच्या गाभाऱ्यासमोर उभं राहून मूर्ती बाजूला सारणार का?

सातवा (‘रोज ५०० फोटो काढा’), नववा (‘कॅमेरा भिजला की तांदळात ठेवा’) आणि दहावा (‘लेन्स रोज स्पिरिटने पुसा’) यांवर फार वेळ घालवत नाही. तांदळाची पूड कॅमेऱ्यात जाते, बॅटरी काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. लेन्स रोज पुसायची नसते. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मगच मऊ कापड, नाहीतर तीच धूळ काचेवर घासली जाते. हेही त्याच पुस्तिकेत आहे.

पाचशे फोटोंचं मात्र राहवत नाही. आमच्या मालकांनी मला महिन्याला एक रोल दिला होता, ३६ फोटो. प्रत्येक फोटोचं शटर आणि अ‍ॅपर्चर वहीत लिहायचं, धुऊन आल्यावर वही समोर ठेवून बोलणी खायची. आता ती वही कॅमेराच लिहितो, फोटोच्या माहितीत सगळे आकडे साठवलेले असतात. फक्त कुणी उघडून बघत नाही. भाचीला सांगितलंय, आठवड्याला ३६ आणि प्रत्येकाचे आकडे मला तोंडपाठ म्हणून दाखवायचे. "मामा, मेसेज बरा होता की ओ," म्हणाली.

तिचा डोळा ठीक आहे. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन पडदा तपासून आणला. आक्काने भिशीच्या ग्रुपवर ‘आठवा मुद्दा चुकीचा आहे’ असं टाकलं, त्यावर तीन जणींनी हात जोडले आणि चौथीने तोच मेसेज पुन्हा पाठवला. लाखाचा कॅमेरा तूर्त बारगळलाय, माझा निकॉनच तिच्याकडे आहे. पट्टा गळ्यात अडकवायला मात्र ती अजून विसरते. दहा गुपितांत तेवढं एक तरी घालायचं होतं.