समता, बंधुता आणि फ्रान्स: एक खुलासा

दर १४ एप्रिल आणि २६ नोव्हेंबरला एक मजकूर हमखास फिरतो: बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून उचलली. खुद्द बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की, आपल्या तत्त्वज्ञानाची मुळे राज्यशास्त्रात नाहीत, धर्मात आहेत. ते आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतले आहे, फ्रान्सकडून उसने घेतलेले नाही.

याचा अर्थ फ्रान्सचा संबंधच नाही, असाही नव्हे. (असा उलट टोकाचा मजकूरही फिरतोच.) डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला होता. शब्दत्रयी जगाला ठाऊक झाली ती फ्रान्समुळेच. वाद आहे तो आशयाचा.

आणि तो आशय १९५४ च्या त्या भाषणातच सापडतो. स्वातंत्र्य आणि समता यांचा भंग होऊ नये म्हणून कायदा हवा; पण कायदा त्याची हमी देऊ शकेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. खरे संरक्षण बंधुतेचे, म्हणून तिला सर्वोच्च स्थान. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष हे बोलतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. घटनेची ध्येये मांडणाऱ्या, संविधान सभेतील १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. तो उद्देशिकेत आला मसुदा समितीमुळे, १९४८ मध्ये.