मुंबईच्या फुटसल टीमबद्दल फिरणारी पोस्ट, आणि तिच्यात काय काय चुकलंय

या आठवड्यात तीच पोस्ट मला चार जणांनी पाठवली, त्यातल्या दोघांनी वर "बघ, तुझा विषय" असं पण लिहिलं. पोस्ट थोडक्यात अशी: मुंबईची एक प्रोफेशनल इनडोअर फुटबॉल टीम होती, तिच्यात मँचेस्टर युनायटेडवाला रायन गिग्ज खेळायचा, तिने घरच्या पब्लिकसमोर मुंबईत फायनल मारली, मग फेडरेशनने जळून लीग बंद पाडली, ब्राझीलचा स्टार रोनाल्डिन्हो पैसे बुडाले म्हणून पळून गेला, तसंही तो सगळा रिटायर झालेल्या लोकांचा शो होता, आणि त्यानंतर भारतात फुटसल, म्हणजे हा पाच-पाच जणांचा इनडोअर फुटबॉल, संपलं. हजारो शेअर आहेत. मी ती लीग, प्रीमियर फुटसल, पहिल्या दिवसापासून टीव्हीवर बघितलं होतं, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाहीये.

सगळ्यात आधी "घरच्या पब्लिकसमोर". अहो, पहिल्या सीझनमध्ये मुंबईची टीम मुंबईत एकही मॅच खेळली नाही! जुलै 2016 मध्ये, 15 ते 24 तारखेला, म्हणजे अवघ्या दहा दिवसांत अख्खी लीग उरकली, अर्धी चेन्नईत आणि अर्धी गोव्यात. मुंबई, गोवा, चेन्नई, कोची, कोलकाता, बेंगळुरू अशा सहा टीम होत्या पण हॉल दोनच शहरांत. मुंबईने कोचीला हरवलं ती फायनल गोव्यात म्हापशाच्या पेडे इनडोअर स्टेडियममध्ये झाली आणि तिचा निकाल पेनल्टीच्या सडन डेथवर, म्हणजे जो आधी चुकेल तो हरला, असा लागला. मुंबईत त्यांचा खेळ यायला सप्टेंबर 2017 उजाडावा लागला, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, आणि तोवर टीमचं नाव पण बदलून मुंबई वॉरियर्स झालं होतं. हे मी बारीकसारीक म्हणून सांगत नाहीये, माझ्या मते टीम का टिकली नाही याचं अर्ध उत्तर इथेच आहे, ते पुढे येतंच.

"फेडरेशनने जळून बंद पाडली". यात थोडं खरं आहे म्हणूनच ते पटतं. एआयएफएफने, म्हणजे भारताच्या फुटबॉल फेडरेशनने, 2016 मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं की या लीगला आमची मान्यता नाही. पण त्याला जळणं म्हणून मोकळं होता येत नाही कारण फुटसलचं भांडण फार जुनं आहे. हा खेळ 1930 मध्ये उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकाने वायएमसीएच्या पोरांसाठी बसवला, नंतर त्याची स्वतंत्र संघटना झाली, मग फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, 1989 पासून आपला फुटसल वर्ल्ड कप सुरू केला, आणि तेव्हापासून जगात दोन दुकानं आहेत, एक फिफाचं आणि एक त्या दुसऱ्या संघटनेचं, जिची जागा पुढे एएमएफने घेतली. प्रीमियर फुटसल एएमएफच्या बाजूचं होतं. एआयएफएफ फिफाची मेंबर, ती दुसऱ्या बाजूच्या लीगला हो म्हणणार तरी कशी? लीगचा प्रेसिडेंट पोर्तुगालचा माजी स्टार लुईस फिगो, जो आदल्याच वर्षी फिफाच्या अध्यक्षपदाला उभा राहून मागे हटला होता, त्याला हे कळत नसेल असं मला नाही वाटत. मान्यता नसल्याचा फटका बसला तो आपल्या पोरांना, कारण ज्याला क्लब फुटबॉलमध्ये करिअर करायचंय त्याला मान्यता नसलेल्या स्पर्धेत नाव देणं म्हणजे डोक्याला ताप. फेडरेशनवर माझा राग आहेच, पण तो वेगळ्या कारणासाठी: या लीगला नाही म्हटलं ठीक, मग स्वतःची स्पर्धा लगेच का नाही काढली? एआयएफएफची पहिली फुटसल क्लब चॅम्पियनशिप झाली नोव्हेंबर 2021 मध्ये, दिल्लीत. मधली पाच वर्षं पोरांनी काय करायचं होतं?

रोनाल्डिन्होचं प्रकरण दोन ओळीत संपतं. तो गोव्याकडून दोन मॅच खेळला, त्यातल्या बेंगळुरूविरुद्धच्या मॅचमध्ये 7-2 मधले पाच गोल त्याचे, मग रिओ पॅरालिम्पिकच्या अँबॅसेडरच्या कामासाठी जातोय असं जाहीर करून तो गेला आणि त्याच्या जागी ब्राझीलचा माजी कॅप्टन काफू आला. पळून गेलेला माणूस पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये दिल्लीची जर्सी घालून परत येत नाही, आणि तो 2017 ला आला होता.

आता "रिटायर लोकांचा शो". हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. गिग्ज 42 वर्षांचा होता, 2014 लाच बूट टांगलेले, आणि त्याच महिन्यात त्याने 29 वर्षांनी मँचेस्टर युनायटेड सोडलं होतं, हे सगळं मान्य. पण पोस्टरवरचे चेहरे सोडून कोर्टवर बघा ना. चेन्नईकडे फाल्काव होता, फुटसलमधला ब्राझीलचा राजा. तो भारतातून गेला आणि दोनच महिन्यांत कोलंबियात फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये खेळत होता, इराणविरुद्ध हॅटट्रिक मारूनही ब्राझील पेनल्टीवर बाहेर पडलं तेव्हा जिंकलेल्या इराणच्या पोरांनी त्याला उचलून हवेत उडवलं होतं. वर्ल्ड कपमध्ये एकूण 48 गोल आहेत त्याचे. असा माणूस आपल्याकडे येऊन खेळून गेला आणि आपण म्हणतो शो होता.

आणि हा खेळ "छोटं फुटबॉल" नाहीये हो. मी ठाण्यात ज्या टर्फवर खेळतो तिथे बॉल जाळीला लागून परत येतो, आम्ही सगळे त्याच सवयीचे. पहिल्यांदा लाकडी फ्लोअरवर फुटसलचा चार नंबरचा बॉल खेळलो तेव्हा पहिली दहा मिनिटं माझा पाय नुसता चुकत होता, कारण तो बॉल उसळतच नाही, तळव्याने दाबून थांबवायचा आणि तळव्यानेच ओढायचा. बाजूला भिंत नाही, जाळी नाही, बॉल लाइनबाहेर गेला की चार सेकंदात किक-इन, आणि एका हाफमधला सहावा फाउल झाला की समोरच्याला भिंतीशिवाय फ्री किक. टीव्हीवर सोपं दिसतं.

मग टीम बंद का पडली? माझं मत सांगतो. वर्षातले मोजके दिवस खेळणारी टीम कुणाची होणार? विराट कोहली ब्रँड अँबॅसेडर, रहमानचं अँथम, सोनीवर लाइव्ह, सगळं होतं, पण मुंबईतल्या पोराला शनिवारी जाऊन बसता येईल असा स्वतःचा हॉल नव्हता. वांद्र्या-सांताक्रूझच्या जिमखान्यांत सिमेंटच्या कोर्टवर रिंक फुटबॉल कितीतरी आधीपासून चालतं, पोरं गुडघे फोडून घेतात, आई-वडील कट्ट्यावर बसून ओरडतात. तिथे फ्रँचायझीचा पैसा नव्हता पण गल्लीतला माणूस होता, मुंबई टीमकडे नेमकं उलटं. दोन सीझन झाले, तिसरा आलाच नाही.

राहिलं "फुटसल संपलं". 2021 ची ती चॅम्पियनशिप दिल्ली एफसीने जिंकली, आणि 2023 मध्ये भारताची पुरुष फुटसल टीम पहिल्यांदा एशियन कपच्या क्वालिफायरला उतरली, ताजिकिस्तानात. हरलो, पण सुरुवात तिथून झाली. त्या पोरांना "संपलं" म्हणणारी पोस्ट कुणी फॉरवर्ड करत असेल तर कृपा करून थांबा. आणि ज्याने ती लिहिलीय त्याने बाकी काही नाही तर फायनलची जागा तरी बदलावी. म्हापसा. पेडे स्टेडियम.