उणे दोन सेकंद

भौतिकशास्त्राने पहिल्याच महिन्यात माझ्या मराठीवर जप्ती आणली. बल, शक्ती, ऊर्जा, जोर, ताकद ही सगळी माझ्या लेखी एकाच घरातली भावंडं होती. निबंधात एका ओळीत तिघांना बसवलं तर भाषेच्या बाई खूश व्हायच्या. विज्ञानाच्या सरांनी त्यांच्या वाटण्या केल्या. बल न्यूटनमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये. जोर आणि ताकद यांना एकक नाही, म्हणून ती दोघं वर्गाबाहेर. एकदा मी बोलून गेले, "माझं वजन ५० किलो." सर म्हणाले, "ते वस्तुमान. वजन ४९० न्यूटन." मुलीचं वजन असं चारचौघांत दसपट करून सांगायचं असतं का?

पण खरा अपमान केला तो 'कार्य' या शब्दाने. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. म्हणजे पुस्तकांनी गच्च भरलेलं दप्तर हातात धरून तासभर एका जागी उभं राहिलं, तर दप्तरावर केलेलं कार्य शून्य. आणि तेच दप्तर घेऊन सपाट रस्त्याने कितीही चाललं तरी गुरुत्वाविरुद्ध केलेलं कार्य शून्यच, कारण आपण आडवे जातो आणि गुरुत्व उभं ओढतं. मी हात वर केला. "सर, मग हात का दुखतो?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. म्हणाले, दप्तर हलत नसलं तरी दंडातले स्नायूंचे तंतू सारखे आखडत आणि सैल होत असतात, ऊर्जा तिथे खर्च होते. उत्तर पटलं. दुःख एवढंच की त्या ऊर्जेची नोंद दप्तराच्या खात्यावर कुठेच होत नव्हती. घरातली निम्मी कामं याच प्रकारची असतात, असं आई म्हणाली. तिने भौतिकशास्त्र सोडून बरीच वर्षं झाली होती.

शब्दांशी कशीबशी तडजोड झाली, तोवर चिन्हं आली. मी जन्मात कधी दिशेच्या भानगडीत पडले नव्हते. डावं-उजवं सांगतानाही आधी जेवायचा हात कोणता ते मनात आठवायचं, अशी माझी अवस्था. इथे तर वर अधिक, खाली उणे. आरशासमोरचं अंतर उणे, मागचं अधिक. अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर उणे, बहिर्वक्राचं अधिक. प्रकाशाचा अख्खा धडा मी नाणं उडवून सोडवला, त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही.

एक गणित मात्र अजून आठवतं. ४० मीटर उंच मनोऱ्यावरून दगड सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वीय त्वरण १० धरा. जमिनीवर किती वेळाने पडेल? मी विस्थापन अधिक ४० घातलं. वर्गमुळाखाली उणे २८ आलं. उणे संख्येचं वर्गमूळ काढायला अजून कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'दगड पडणार नाही.' सरांनी वही हातात घेऊन खिडकीबाहेर पाहिलं, बहुधा दगड शोधत असावेत. मग म्हणाले, "अगं, दगड जमिनीवर आला म्हणजे मनोऱ्याच्या खाली ४० मीटर. तू त्याला मनोऱ्याच्या वर ४० मीटर शोधतेयस. या वेगाने तो ५ मीटरच्या वर जातच नाही."

चिन्ह बदललं आणि एकाऐवजी दोन उत्तरं आली. ४ सेकंद आणि उणे २ सेकंद. पुस्तकात लिहिलं होतं, उणे उत्तर सोडून द्यावं. मला ते पटेना. आयुष्यात पहिल्यांदा दोन उत्तरं आली होती, त्यातलं एक असं टाकून कसं द्यायचं? तेव्हा सर फळ्याकडे वळले. समजा, म्हणाले, हाच दगड कुणी २ सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला ३० मीटर वेगाने वर फेकला असता, तर बरोबर आत्ता तो मनोऱ्याच्या टोकाशी असता आणि त्याचा वेग असता १०. समीकरणाला मनोऱ्यावर कोण उभं आहे हे ठाऊक नाही. ते दगडाचा न घडलेला भूतकाळही सांगतं. मी थक्क झाले. परीक्षेत हा भूतकाळ सविस्तर लिहिला. गुण गेले, कारण विचारलं तेवढंच लिहायचं असतं.

विजेच्या धड्यात जखमेवर मीठ. विद्युतधारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहते असं आपण लिहितो, आणि तारेतले इलेक्ट्रॉन मात्र उलटे धावतात. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात दिली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. तोवर दिशा सगळीकडे छापून झाली होती, मग ती तशीच ठेवली. माझं चिन्ह उलटं पडलं की दोन गुण कापले जातात, फ्रँकलिनचं पडलं तर त्याला 'संकेत' म्हणतात.

मग प्रात्यक्षिक. गणितातल्या जगात घर्षण नगण्य, दोऱ्याला वस्तुमान नाही, हवेचा रोध दुर्लक्षणीय. प्रयोगशाळेत हे सगळे हजर होते. साध्या दोलकाने गुरुत्वीय त्वरण काढायचं होतं. दोऱ्याला गोळा टांगायचा, हळूच सोडायचा, १५ आंदोलनांचा वेळ घ्यायचा, १५ ने भागायचं. बाकीचे गट आधी ९.८ लिहून त्यावरून निरीक्षणं तयार करत होते. आम्ही दोघी खऱ्याने गेलो. मैत्रिणीने स्टॉपवॉच धरलं, मी गोळा सोडला आणि सोडताक्षणी मोठ्याने म्हणाले, "एक!"

उत्तर आलं ११.२. पुस्तकामागच्या तक्त्यात एवढं त्वरण असलेला एकच ग्रह होता, नेपच्यून.

प्रयोगवहीत 'त्रुटीची कारणे' असा रकाना असतो. वर्षभर ज्याच्याकडे दुर्लक्ष केलं होतं, त्याच्यावरच आम्ही सगळं ढकललं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हवेच्या रोधामुळे.'

सरांनी वाचलं. "सोडताना शून्य म्हणायचं असतं," ते म्हणाले. "एक म्हणालीस म्हणून चौदाच आंदोलनं झाली आणि तुम्ही भागलंत पंधराने. दोलनकाळ कमी आला, म्हणून त्वरण वाढलं." मग लाल पेन उचलून 'हवेच्या रोधामुळे' खाली रेघ मारली. "आणि हवा गोळ्याला अडवते. त्याने दोलनकाळ झालाच तर किंचित वाढेल, कमी होणार नाही."

म्हणजे माझ्या सबबीचंसुद्धा चिन्ह चुकलं होतं.