रेडिएटरवरचं वाळवण

न्यूयॉर्कला घर शोधायला निघालो तेव्हा दलालाला दोनच अटी सांगितल्या. घर गरम हवं आणि सबवेचं स्टेशन जवळ हवं. तो हसला. पुण्यात "नदीकाठी फ्लॅट हवा, पण डास नकोत" म्हटल्यावर एजंट हसेल, अगदी तसा.

पहिलं घर स्टेशनपासून तीन मिनिटांवर. बघायला गेलो तर राहणारा इसम कानटोपी आणि हातमोजे घालून कांदा चिरत होता. "हीट आहे ना?" मी विचारलं. "कायद्यात आहे," तो म्हणाला. आहे खरी. १ ऑक्टोबर ते ३१ मे, बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली उतरलं की दिवसा घरात किमान ६८ ठेवायला मालक बांधील आहे. रात्री दहा ते सकाळी सहा किमान ६२. ६८ म्हणजे आपले वीस सेल्सिअस. नाशकात एवढ्यावर आम्ही स्वेटर काढतो, म्हणजे कपाटातून बाहेर.

दुसरं घर छान उबदार होतं. फक्त स्टेशनवरून पंचवीस मिनिटं बस, आणि बस येईपर्यंत माझी कुल्फी.

तिसरं मिळालं जॅक्सन हाइट्सला. रूझवेल्ट अव्हेन्यूच्या स्टेशनात ई, एफ, एम, आर या गाड्या जमिनीखालून आणि फ्लशिंगला जाणारी ७ नंबर डोक्यावरून. खाली उतरलं की साड्यांची दुकानं, जिलेबी, कढीपत्ता. मालकाची अट एवढीच की वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट हवा. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा पगाराची इतकी चौकशी केली नव्हती.

पहिल्या रात्री दोन वाजता कुणीतरी भिंतीत हातोडा मारायला लागलं. सकाळी इमारतीच्या सुपरला गाठलं. (सुपर म्हणजे वॉचमन, प्लंबर आणि सोसायटीचा सेक्रेटरी एकाच माणसात.) त्याने खोली गरम करणाऱ्या लोखंडी रेडिएटरपाशी गुडघे टेकले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "नॉब अर्धा ठेवलास? एकाच नळीतून वाफ वर येते, त्याच नळीतून पाणी खाली जातं. अर्ध्यावर ठेवलंस की दोघं भांडणार." बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्यावर काय होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे लगेच पटलं. नॉब एक तर पूर्ण बंद, नाही तर पूर्ण चालू.

पूर्ण चालू केला. अर्ध्या तासात बनियनवर आलो. बाहेर बर्फ पडतंय आणि मी घामाघूम. खिडकी उघडली, तर ७ नंबर धडधडत थेट दिवाणखान्यात. खिडकी लावली की भट्टी, उघडली की फलाट.

तशातच आईचा व्हिडिओ कॉल आला. "बर्फ पडतोय म्हणालास ना? मग उघडा काय बसलायस?" मी फोन रेडिएटरकडे फिरवला. तिने क्षणभर नीट पाहिलं.

"ते लोखंड पुसलेलं आहे का रे?"

आता रेडिएटरवर ताट असतं आणि ताटात साबुदाण्याच्या पापड्या. दोन दिवसांत खडखडीत वाळतात. फक्त गाडी गेली की ताट बोटभर सरकतं, दर वेळी फ्लशिंगच्या दिशेने.