हेतू कशाला पाहायचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरच्या (ज्या वयाखालच्या मुलीशी, मग ती बायको का असेना, शरीरसंबंध बलात्कार ठरतो, ते हे वय) माझ्या लेखात मी टिळकांचा हेतू सनातन्यांपेक्षा वेगळा काढला, ते तुम्हाला खटकलं. 'विरोध दोघांनीही केलाच ना? मग हेतू शोधणं म्हणजे आवडत्या माणसाला पळवाट काढून देणं,' असं तुमचं म्हणणं.

पळवाट मला द्यायचीच नाही. कलकत्त्याची फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीने मेली, तेव्हा तिला दहावं उलटलेलं होतं आणि संमतीचं वय होतं दहाच. म्हणून पस्तिशीच्या त्या नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही. शिक्षा काय, तर एक वर्ष सक्तमजुरी! नव्या कायद्याने हे वय बारा केलं. त्याला विरोध करणारे सगळेच अशा पोरींच्या आड आले, टिळकसुद्धा. इथे तुमचं-माझं एकमत आहे.

पण टिळकांच्या मनात शिरून मी काही ओळखलेलं नाही. १८९० मध्ये पुण्यात त्यांनीच सूचना मांडली होती: मुलींची लग्नं सोळाच्या आत नकोत, मुलग्यांची विसाच्या आत नकोत, चाळिशीनंतर पुरुषाला लग्न करायचंच असेल तर विधवेशी करावं, हुंडा नको, केशवपन नको. जे सही करतील त्यांनाच हे बंधन. बाराला 'नाही' म्हणणारा माणूस स्वतः सोळा सुचवतो, तेव्हा त्याचं भांडण वयाशी नाही, परक्या सरकारने आपल्या घरात हात घालण्याशी आहे, एवढं तरी मानायला हवं. हे गाळलं तर १८९१ चा वाद कळणारच नाही.

कायद्याच्या बाजूचे तरी कुठे एका सुरात बोलत होते? संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्रं उकलून आधार दाखवले. आगरकरांना मुळात आधारच नको होता. जे बुद्धीला उघड दिसतं, त्यासाठी पोथीची परवानगी कशाला, हा त्यांचा रोख. मला आगरकर जवळचे वाटतात, हे लपवत नाही.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे. टिळकांना मी तीन परिच्छेद दिले आणि सनातन्यांना 'ढोंगी' म्हणून एका शब्दात उरकलं. ऋतुप्राप्तीनंतर, म्हणजे पाळी सुरू झाल्यावर, गर्भाधान (नवऱ्याशी पहिल्या संबंधाचा संस्कार) टळलं तर पाप लागेल, ही भीती त्यांच्यातल्या कित्येकांना खरोखरच होती. ते चूक होते, पण खोटं बोलत नव्हते. तो शब्द आज काढतो आणि तो भाग नव्याने लिहायला घेतो.